कॅबिनेटमधली पट्टी

ऑफिसात कोणाचा ना कोणाचा कॉम्प्युटर जुना होतच असतो. मग जेवणाच्या सुट्टीत डबे उघडता उघडता प्रश्न निघतो, की आहे त्यातच दोन वस्तू नव्या घालून चालवावं, का सुटे भाग आणून नवा जोडून घ्यावा, का सरळ लॅपटॉप घ्यावा. या प्रश्नाचं उत्तर मला देता येतं. चांगलं देता येतं. पण मी कोणाची तरी भाजी चाखायला मागते, नाहीतर हात धुवायला उठते. उत्तर द्यायला लागले की माझ्या तोंडून दुसऱ्याच एका माणसाचे शब्द येतात, आणि ते शब्द वापरायचा हक्क मी घालवलेला आहे.

ते रायपूरच्या बूढ़ापाऱ्यात राहायचे, तलावाकडून आत येणाऱ्या एका अरुंद गल्लीत. आता नाहीत. गेल्या वर्षी ते दोघं नवरा-बायको मुलीकडे गोंदियाला गेले. मला ते बाबांकडून कळलं. मूळचे भंडाऱ्याकडचे, रेल्वेत टेलिफोनच्या विभागात नोकरी करून रायपुरातच निवृत्त झालेले. माझे बाबा शहराबाहेर उरला भागातल्या कारखान्यात. दोघांची ओळख बुद्ध विहारातली. पाऱ्यातले, म्हणजे मोहल्ल्यातले, लोक त्यांना ‘कंप्यूटरवाले अंकल’ म्हणत. आमच्यासारखी चार मराठी घरं होती, ती काका म्हणत.

घराची पुढची खोली म्हणजे दुकान. एक लांब टेबल, वर पांढरा दिवा, होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटल्यांत मापामापाचे स्क्रू, आणि रस्त्याकडे लोखंडी जाळीची खिडकी. कॉम्प्युटरच्या आतल्या कुठल्याही भागाला हात लावण्याआधी काका त्या जाळीला हात लावत आणि दोन क्षण धरून ठेवत. अंगातली वीज उतरून जाते म्हणत, नाहीतर न दिसणारी एक ठिणगी आख्खा बोर्ड मारू शकते. हे खरं आहे. पण त्यांना त्याची इतकी सवय झाली होती, की ते चहाचा ग्लास घ्यायच्या आधीही जाळीला हात लावत. शेजारची सून तान्हं बाळ त्यांच्या हातात द्यायला आली, तेव्हा आधी जाळी, मग बाळ. एका गिऱ्हाइकाला वाटलं, तिथे काही नवस बोललेला असावा. जाताना तोही जाळीला हात लावून गेला.

दुकानात पाय टाकणाऱ्याला काका पहिला प्रश्न विचारत तो हा, की तुम्ही या मशीनवर करता काय? कोणती कंपनी, किती जुना, हे नंतर. लोक गोंधळत. ‘सब कुछ करते हैं अंकल,’ म्हणत. मग काका टेबलाच्या खणातून अर्धं पान काढून देत. त्यावर पट्टीने आखलेले तीन रकाने. काय केलं, कुठं थांबावं लागलं, किती मोजेपर्यंत. घड्याळ बघायचं नाही, मनात एक-दोन-तीन मोजायचं. आठ दिवस लिहून आणायचं, मग बोलू. मशीन ‘स्लो’ आहे असं त्यांच्यासमोर म्हणायची सोय नव्हती. ते म्हणत, “मशीन हळू नसते. ते कोणाची तरी वाट पाहून राहिली असते. कोणाची, ते शोधू.”

अर्धे लोक कागद घेऊन जात आणि परत येतच नसत. काकू आतून चिडत. “आलेलं गिऱ्हाईक वाटेला लावते हा माणूस.” काका शांतपणे म्हणत, “जो आला नाही त्याचं मशीन बरं होतं.”

एक विमा एजंट बाई आल्या. त्यांना नवा डेस्कटॉप जोडून हवा होता, भागांची यादीही कोणीतरी करून दिलेली. काकांनी त्यांना सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा दिवस सांगायला लावला. बीरगांव, तिथून भनपुरी, तिथून तिसरीकडे, लोकांच्या घरात बसून फॉर्म भरायचे. काका म्हणाले, “दीदी, आप लैपटॉप लीजिए. आपका काम तो चप्पल में है, टेबल पर नहीं. मेरे पास क्यों आईं?” आणि कोणता घ्यावा तेही लिहून दिलं. एक निवृत्त मास्तर आले, मशीन आपोआप बंद पडतं म्हणून नवंच घ्यायचं ठरवून. काकांनी उदबत्ती पेटवली आणि कॅबिनेटसमोर धरली. मास्तरांनी डोळे मिटून हात जोडले. “पूजा नाही सर,” काका म्हणाले, “हवा पाहून राहिलो.” धूर आत ओढला जात नव्हता, तिथेच घुटमळत होता. आतला पंखा धुळीने आणि मांजराच्या केसांनी गच्च झालेला. ब्रशने साफ करून दिला आणि सांगितलं, आता तीन वर्षांनी या.

मी एकदा म्हटलं, “काका, लोक तुम्हाला काय वाट्टेल ते सांगतात अन् तुम्ही ऐकून घेता. अर्धे तर खोटं बोलत असतील. पोट्ट्यानं पाणी सांडलं असेल अन् म्हणतात आपोआप बिघडलं.”

“गिऱ्हाईक खोटं बोलत नाही,” ते म्हणाले. “त्याले सांगता येत नाही. समजून घेणं आपलं काम.”

तेव्हा मी हसले होते.

माझ्याकडचा डेस्कटॉप बाबांनी मी पॉलिटेक्निकला असताना घेतलेला. मी लागले ती नोकरी नव्या रायपुरातल्या एका छोट्या खासगी कंपनीत. लहान गावांच्या पाण्याच्या लाइनींचे नकाशे काढायचे. आठवड्यातून दोन दिवस ऑफिस, बाकी घरून. घरचं मशीन नकाशा उघडेपर्यंत मी कपडे वाळत घालून येत असे. आमचे साहेब रायपूरचेच, मोकळ्या स्वभावाचे. ते म्हणाले, “लैपटॉप ले लो, झंझट खत्म.” आई म्हणाली, नवंच घे, जुन्याच्या नादी लागू नको. मी काकांकडे गेले आणि अर्धं पान घेऊन आले.

आठ दिवसांनी त्यांनी माझा कागद डॉक्टर रिपोर्ट वाचतात तसा वाचला. मग म्हणाले, “हे पाय. लॅपटॉप घेशीन तर एवढुशा पडद्यावर एवढं मोठं गाव काढशीन. पाठ वाकन तुही. नवा जोडून देतो म्हटलं तर देतो, पण काहून? तुह्या मशीनचे हात चांगले आहेत. ओटा लहान आहे. अन् कोठी दूर आहे. एकेका पोळीसाठी कोठीत जाऊन पीठ आणून राहिली ते.”

हात म्हणजे प्रोसेसर, ओटा म्हणजे रॅम, कोठी म्हणजे हार्ड डिस्क. मला इतकी वर्षं कळलं नव्हतं ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं. रॅम वाढवायची, जुन्या डिस्कच्या जोडीला नवी जलद एसएसडी बसवायची, आणि थकलेला पॉवर सप्लाय बदलायचा. बाकी हात लावायचा नाही.

एका दुपारी त्यांनी ते सगळं केलं. मी शेजारी स्टुलावर. शेवटी त्यांनी जखमेवर लावायची पांढरी चिकटपट्टी कापली, तिच्यावर बारीक अक्षरात काय काय बदललं ते लिहिलं, खाली पूर्ण सही केली आणि पट्टी कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवली. हे ते प्रत्येक मशीनला करत. “उद्या दुसरा कोणी उघडन,” म्हणायचे, “तर त्याले कळलं पायजे, आधी कोणी हात लावला अन् काय केलं. आपली चूक असन तर तीही कळलं पायजे.” माझ्या पट्टीची शेवटची ओळ अशी होती: जुनी डिस्क खराब होत आहे, फक्त उतरवून घेण्यापुरती ठेवली, काम ठेवू नये.

तेच त्यांनी मला तोंडानेही सांगितलं. मी निघाले होते, ते दारात उभे होते, हातात चहा. “ऐक. ही जुनी डिस्क फक्त तुहे फोटो उतरवून घ्यायले ठेवली आहे. हिच्यावर नवं काम ठेवशीन तर रडशीन. आठ दिवसांत उतरव, मग मी काढून टाकतो.”

मी म्हटलं, “हव काका.”

मशीन पळायला लागलं. मी खुशीत ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटले. ऑफिसातली डझनभर मशीनं अशीच रडतखडत चाललेली, आणि नेमलेला दुकानदार प्रत्येक वेळी नवं घ्या एवढंच सांगायचा. साहेबांनी काकांना बोलावलं. काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, बाहीला घडी न घालता, बसने आले. तिथे जाळी नव्हती, म्हणून ते दर वेळी पाण्याच्या कूलरला हात लावून येत. सगळ्यांना अर्धं अर्धं पान दिलं. लोक हसले, पण त्यांनी लिहिलं. रिसेप्शनवरच्या मुलीने लिहिलं होतं, ‘दिनभर इंतज़ार करती हूँ, मशीन का नहीं, छुट्टी का.’ काकांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला, काकूंना दाखवायला. मग साहेबांना सांगितलं, की इतक्या मशीनांत नवी रॅम आणि एसएसडी घाला, तीन मशीनांना हात लावू नका, आणि जे दोघं गावोगाव मोजणीला जातात त्यांना लॅपटॉप द्या. साहेबांना ते पटलं. पुढच्या महिन्यापासून ऑफिसची मशीनं काकांनी सांभाळायची, असं ठरलं.

“पोरीच्या लग्नात एवढे खुश नव्हते,” काकू मला म्हणाल्या.

मी फोटो उतरवून घेतले नव्हते. आठ दिवसांचे दोन महिने झाले. एसएसडी भरली, जागा नाही असं पडद्यावर येऊ लागलं, आणि जुन्या डिस्कवर जागाच जागा होती. मी चालू कामाचा फोल्डर उचलून तिकडे टाकला. आजच्यापुरता. मग तो तिथेच राहिला. त्यात चौघांनी गल्ली गल्ली हिंडून केलेली एका गावाची मोजणी होती आणि तिच्यावर बसवलेला माझा नकाशा. दुसरीकडे प्रत नव्हती. एका सकाळी डिस्कमधून टक टक असा आवाज आला, आणि ती पडद्यावरून नाहीशी झाली. नकाशा दोन दिवसांनी द्यायचा होता.

मी ऑफिसात कळवलं, आणि साहेबांचा फोन आला. “क्या हुआ?”

“सर, वो अपग्रेड के बाद से ही गड़बड़ था,” मी म्हटलं. “अंकल ने कुछ कर दिया है.”

ते वाक्य मी आधी ठरवलं नव्हतं, तरी ते तयार असल्यासारखं आलं. साहेब म्हणाले, “बुलाओ उनको. और वो डिस्क लेकर तुम भी आओ.”

काका त्याच दुपारी आले. साहेबांच्या टेबलाभोवती आम्ही पाच-सहा जण उभे. काका कूलरला हात लावून आले, डिस्क हातात घेतली, केबल जोडली, कान जवळ नेऊन ऐकलं. मग डिस्क उलटी करून पाहिली.

“ही तर जुनी,” ते म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. मराठीत विचारलं, म्हणजे फक्त मला कळेल असं. “बाई, मी तुले सांगतलं होतं ना, हिच्यावर काम ठेवू नको म्हणून?”

“क्या बोल रहे हैं?” साहेबांनी विचारलं.

मराठीत मला खोटं बोलता आलं असतं की नाही, सांगता येत नाही. मी हिंदीत बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “नहीं अंकल, आपने ऐसा कुछ नहीं बताया था.”

काका माझ्याकडे पाहत राहिले. त्या पाहण्यात संशय असता तर मला आज थोडं हलकं वाटलं असतं. तो नव्हता. माणूस आपल्याच खिशात काहीतरी शोधत असावा तसा त्यांचा चेहरा झाला होता. शोधून झाल्यावर ते साहेबांना म्हणाले, “हो सकता है. मुझसे रह गया होगा. गलती मेरी है.”

साहेब ओरडले नाहीत. म्हणाले, ठीक आहे अंकल, होतं असं. पण ऑफिसचं काम जुन्या दुकानदाराकडेच राहिलं. चौघे पुन्हा त्या गावाला मोजणीला गेले.

निघताना काका मला जिन्यात म्हणाले, “पट्टीवर लिहिलं असन मी. उद्या सकाळी येऊन पाहतो. तिथंही नसन, तर मग...”

फोनवरचं आणि ऑफिसातलं खोटं घाबरून बोलले, असं मी स्वतःला समजावू शकते. नोकरीला वर्षही झालं नव्हतं, सगळे बघत होते. पुढे केलं त्याला ती सवलत नाही. संध्याकाळी घरी आले, कॅबिनेटचे दोन स्क्रू सोडवले, झाकण मांडीवर घेतलं आणि पट्टी नखाने सोलली. कागदासारखी फाटत निघाली. मागे चिकट डाग राहिला. तो जाईना, म्हणून खोबरेल तेल लावून कापसाने पुसला. आईने आतून चहाला हाक मारली. मी म्हटलं, “येऊन राहिली.” फाटलेले तुकडे मी मुठीत धरून मोरीत टाकले आणि वरून पाणी सोडलं.

सकाळी काका आले. झाकण काढून टॉर्च लावला. पट्टीची जागा त्यांना पाठ होती. बरोबर तिथे त्यांनी बोट फिरवलं. मग बोट अंगठ्यावर घासलं.

“पट्टीही लावली नाही मी,” ते म्हणाले.

आवाज हळू होता. आईने चहा आणला, तो त्यांनी घेतला नाही. बाबांना नमस्कार केला, आणि जिना एकेक पायरी बघत उतरले. याआधी ते असे उतरत नव्हते.

त्यांचे थोरले भाऊ शेवटी स्वतःच्या मुलांची नावं विसरले होते. हे काकांनी मला पूर्वी एकदा सांगितलं होतं, स्क्रू निवडता निवडता, अगदी सहज. मला ते तेव्हाही माहीत होतं आणि पट्टी सोलतानाही माहीत होतं.

पंधरा दिवसांत त्यांनी दुकान बंद केलं. टेबलावर चादर टाकली. लोकांची आलेली मशीनं स्वतः त्यांच्या घरी पोचवली. “दुसऱ्याकडून करून घ्या. माह्याकडून राहून जाते.” काही जणांनी आग्रह केला. ते हात जोडत.

काकू मला भाजीबाजारात भेटल्या. “तुह्या काकाले आता आपलाच भरोसा नाही राहिला,” म्हणाल्या. “गॅस बंद केला का, दहा वेळा पाहतात. दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं घड्याळ काढायले लावलं, उलटे आकडे म्हणायले लावले. सगळं बरोबर. काहीच नाही म्हणे. पण हे ऐकत नाहीत. तलावावर एकटे फिरायले जात नाहीत आता. म्हणतात, रस्ता राहून गेला तर?” मग त्यांनी माझ्या दंडाला हात लावला. “आधी असे नव्हते ना गं ते? तू तर बसायची त्यांच्यापाशी.”

“नव्हते काकू,” मी म्हटलं. तेवढं खरं बोलून मी वांगी निवडायला लागले.

एका वाक्याचं औषध माझ्याकडे होतं. ते मी दीड वर्ष दिलं नाही. आज नको, बाबांची विहारात काय पत राहील, आता सांगून काय उपयोग, असं दर वेळी काही ना काही सापडायचं. मी लॅपटॉप घेतला. गरज म्हणून नाही. त्या कॅबिनेटसमोर मला बसवेना. लहानशा पडद्यावर पाठ वाकवून मी नकाशे काढू लागले, आणि ऑफिसला जाताना काकांची गल्ली टाळून तलावाला वळसा घालून बस धरू लागले.

एका रविवारी बाबा विहारातून आले आणि जेवताना म्हणाले, “आज त्यांनी वंदना मधीच सोडली.” काका तिथे कित्येक वर्षं पुढे बसून वंदना सांगायचे आणि बाकीचे मागून म्हणायचे. “मी विचारलं, काय झालं? तर म्हणे, पुढची ओळ येत होती. पण बरोबर आहे का याचा भरोसा नाही वाटला. चुकीची ओळ लोकांच्या तोंडी द्यायची नाही म्हणे. आता मागं बसतो म्हणाले.” बाबांनी भात कालवला. “वय झालं.”

मी ताट तसंच ठेवून उठले आणि काकांकडे गेले.

काकू पुढच्या खोलीत मटार सोलत होत्या. काका चादर टाकलेल्या टेबलापाशी खुर्चीत. मी उभ्यानेच सांगितलं, नाहीतर सांगून झालं नसतं. तुम्ही मला सांगितलं होतं काका. डिस्कवर काम ठेवू नको, असं सांगितलं होतं. मी ऑफिसात खोटं बोलले.

काकांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, “काय सांगतलं होतं? शब्द सांग.”

मी शब्द सांगितले.

“कुठी उभा होतो मी?”

“दारात. हातात चहा होता.”

“कप, का ग्लास?”

“ग्लास.”

त्यांनी मान हलवली. मला पुन्हा सगळं म्हणायला लावलं, आणि मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी माझे शब्द संपायच्या आधी त्यांचे ओठ हलत होते. मग एकदम थांबून त्यांनी विचारलं, “अन् पट्टी?”

पट्टीचं मी सांगितलं नव्हतं. अर्ध्यावर भागेल असं मला वाटलं होतं.

“मी काढली,” मी म्हटलं. “आदल्या संध्याकाळी. डाग राहिला होता, तो खोबरेल तेलानं पुसला.”

“तेल लागलं होतं बोटाले,” काका म्हणाले. “मले वाटलं, माह्याच डोक्याचं.”

काकूंचे हात थांबले. त्यांनी मटाराची परात उचलली आणि आत गेल्या.

“काहून केलं तू?” काकांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. मशीनला काय झालं हे विचारत तसाच तो प्रश्न होता.

येताना माझ्याकडे कारणं होती. तिथे एकही उभं राहीना. “मले माहीत नाही काका.”

“माहीत आहे. सांगता येऊन नाही राहिलं,” ते म्हणाले. मग टेबलावरची चादर सरळ करत म्हणाले, “मले सांगून अर्धं झालं. तुह्या साहेबाले सांग. हिंदीत सांग, तिथं बोलली होती तसं.”

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. हिंदीत, पट्टीसकट.

“कौन से अंकल?” साहेबांनी विचारलं.

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी कपाळाला आठ्या घालून आठवायचा प्रयत्न केला. “अच्छा, वो सफेद शर्ट वाले? अरे छोड़ो ना. इतनी पुरानी बात. उस गाँव का काम तो कब का निपट गया.” त्यांना माझीच काळजी वाटली असावी. खुर्ची मागे रेलत, विषय हलका करायला म्हणून ते म्हणाले, “तुमको तो इसमें समझ है. मेरी बिटिया कॉलेज जा रही है. लैपटॉप लूँ, कि डेस्कटॉप बनवा दूँ?”

मी म्हटलं, मला माहीत नाही.

बसमधून परत येताना मी एक खोटं तयार करत होते. साहेबांना फार वाईट वाटलं, त्यांनी तुमची माफी मागायला सांगितली आहे. काकांना त्याने बरं वाटलं असतं. तलावाच्या थांब्यावर उतरेपर्यंत ते वाक्य अगदी गुळगुळीत झालं होतं. गल्लीत वळताना मला त्याची शिसारी आली.

काका पुढच्या खोलीतच होते. “काय म्हणाला?”

“त्यांना आठवतच नव्हतं,” मी सांगितलं. “कोण अंकल, म्हणाले. मग म्हणाले, पुरानी बात है, छोड़ो.”

काकांनी ते ऐकून घेतलं. “म्हणजे ज्याच्यासमोर माही इज्जत गेली,” ते सावकाश म्हणाले, “त्याले माहीतच नाही, गेली म्हणून.”

मी खाली वाकले. त्यांनी पाय मागे घेतले.

“बरं केलं सांगतलं. पण आता काही दिवस येऊ नको. मले राग येऊन राहिला आहे. दीड वर्ष मी तो माह्यावरच काढला. येऊ दे आता पुरा.”

मग ते उठले, पायात चपला सरकवल्या आणि आतल्या बाजूला म्हणाले, “मी तलावावर जाऊन येतो.”

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. “थांबा, मी येते.”

“नको. एकटा जातो.”

ते माझ्या बाजूने पायऱ्या उतरले. गल्लीत एक स्कूटर आली, तिला त्यांनी वाट दिली, आणि मग रस्त्याच्या मधोमध चालू लागले, आधी हळू, मग नेहमीच्या चालीने. काकू दारात, मी खालच्या पायरीवर, दोघी त्यांच्या पाठीकडे पाहत होतो. वळणावर ते थांबले नाहीत, डावीकडे-उजवीकडे पाहिलंही नाही. तलावाच्या बाजूला वळले आणि दिसेनासे झाले.

काकू तरीही तिकडेच पाहत होत्या.

“आता जा तू,” त्या म्हणाल्या.